अको: किल्ला तोच, धनी चार

चौथा_पहारा

जपानमधलं अको म्हटलं की सत्तेचाळीस रोनिन (धनी गमावलेले सामुराई, ज्यांनी १७०३ मध्ये आपल्या असानो धन्याचा सूड घेतला), आणि रोनिन म्हटलं की असानो. पण हा हान, म्हणजे सरदाराची जहागीर, १६१५ ते १८७१ असा अडीचशेहून जास्त वर्षं चालला. त्यात असानोंची वर्षं फक्त ५६. उरलेल्या दोनशे वर्षांबद्दल मराठीत चार ओळीही सापडत नाहीत, म्हणून हा धागा.

आधी सांगाडा देतो:

इकेदा, १६१५ ते १६४५, ३५,००० कोकू
असानो, १६४५ ते १७०१, ५३,५०० कोकू (१६७१ नंतर ५०,०००)
नागाई, १७०२ ते १७०६, ३३,००० कोकू
मोरी, १७०६ ते १८७१, २०,००० कोकू

जागा: हारिमा प्रांताचं पश्चिम टोक, चिकुसा नदीचं मुख, समोर सेतोचा अंतर्समुद्र. आज ह्योगो प्रांतात येतं.

आता प्रश्न. किल्ला बांधला असानोंनी, ५३,५०० च्या ऐपतीवर, आणि तेव्हाही तो त्यांना जडच गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात. बारा दरवाजे, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळून दहा मनोरे. पुढे मोरी आले ते २०,००० वर. त्यांनी हे धूड १६५ वर्षं सांभाळलं कसं? मीठ विकून, कर्ज काढून, की नुसतं पडू दिलं?

दुसरा प्रश्न याला जोडूनच. घराणं बदलतं तेव्हा प्रत्यक्षात काय हलतं आणि काय जागच्या जागी राहतं?

रिकामा_न्हावी

वाचनखूण साठवली. चर्चा सुरू होण्याआधी कोणीतरी कोकूचा उलगडा करा, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात "म्हणजे किती रुपये?" येणार.

कोकूमाप

एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, वजनात १५० किलोच्या आसपास. पण ५३,५०० हे असानोंचं उत्पन्न नव्हे. जमीन मोजून तिच्यावर एकूण पीक किती निघावं याचा जो अंदाज बांधला, तो हा आकडा. त्यातला धन्याचा वाटा साधारण चार ते पाच दशांश. चार दशांश धरा: असानोंच्या कोठारात २१,४०० येतात, मोरींच्या ८,०००. यातूनच चाकरीतल्या सामुराईंचे तनखे, एदोतल्या (आजचं टोकियो, शोगुनची राजधानी) वाड्यांचा खर्च, शोगुनने (देशाचा लष्करी सत्ताधीश) सांगितलेली कामं, सगळं.

तनख्याचे आकडेही असेच कागदी. ओइशी कुरानोसुके, पुढे रोनिनांचा म्होरक्या, हा असानोंचा १,५०० कोकूंचा मुख्य कारभारी. हातात पडणार त्याच्याही चार दशांश, म्हणजे सहाशेच्या आसपास. त्यात स्वतःची माणसं पोसायची.

आणि दर्जा ठरतो तो कागदावरच्या आकड्यावर. १०,००० च्या वर दाइम्यो (हानचा धनी), खाली हातामोतो (शोगुनचा थेट चाकर). लढाईला किती माणसं आणायची, एदोत कोणती जबाबदारी गळ्यात पडणार, हेही त्याच आकड्यावरून.

ताम्हण

इकेदांना एका ओळीत गुंडाळू नका हो. अकोला गावपण त्यांनीच दिलं.

इकेदा तेरुमासाला सेकिगाहाराच्या लढाईनंतर अख्खा हारिमा मिळाला, ५,२०,००० कोकू. हिमेजीचा आजचा किल्ला त्याचाच. तो वारल्यावर प्रांताचे तुकडे होत गेले, त्यातला अको १६१५ मध्ये पाचवा मुलगा मासात्सुना याच्या वाट्याला आला. आई तोकुहिमे, म्हणजे इएयासूची मुलगी. तेव्हा हा शोगुनशाहीच्या संस्थापकाचा सख्खा नातू. १६३१ मध्ये तो निपुत्रिक वारला. नियमाने हान खालसा व्हायला हवा होता, पण सख्खा भाऊ तेरुओकी याला शेजारच्या हिराफुकुहून इथे आणून बसवलं. आजोळ कामाला आलं.

१६४५ मध्ये याच तेरुओकीने आपल्या बायकोला (ही कुरोदा नागामासाची मुलगी) आणि दासींना तलवारीने कापलं. निकाल: रानशिन, म्हणजे वेड लागलं. हान गेला, पण मुंडकं राहिलं. ओकायामाच्या इकेदांच्या ताब्यात नजरकैद, तिथेच दोन वर्षांनी मृत्यू.

उलटतपासणी

"आजोळ कामाला आलं" हे १६३१ पुरतं ठीक. १६४५ ला जीव वाचला तो आजोळामुळेच असं म्हणायला आधार नाही. रानशिनचा शेरा बसला की शिक्षा सौम्य होण्याची आणि नातलगाच्या ताब्यात देण्याची पद्धत होतीच. तो शेरा म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे, फाइल बंद करायचा शिक्का.

ताम्हण

शिक्का कुणाला मिळायचा आणि कुणाला नाही, यात आजोळ येत नाही?

उलटतपासणी

येतं. पण पुढे असानो नागानोरीला (अकोचा शेवटचा असानो धनी, १७०१ मध्ये एदोच्या किल्ल्यात वार करणारा) तोच शिक्का घेता आला असता, आणि चौकशीत त्याने स्वतःच "वेडाच्या भरात नाही, वैर होतं" असं सांगितलं. तेव्हा शिक्का वरून मिळतो तसा खालून नाकारताही येतो.

निळा_मोर

गंमत म्हणून सांगतो. असानोंचा अकोतला पहिला धनी नागानाओ. मोरींचा अकोतला पहिला धनीही नागानाओ. लिहायची चित्राक्षरंही तीच. जुन्या नोंदी चाळताना आडनाव सुटलं की संपलंच.

रिकामा_न्हावी

आमच्याकडे प्रत्येक शाळेत तीन सचिन असतात, त्यापुढे हे काहीच नाही.

मिठागर

ताम्हण यांनी "गावपण" म्हटलं, त्यामागे पाणी आहे. चिकुसाच्या मुखाशी गाळाची जमीन. विहीर खणली की खारं पाणी. गाव वसवायचं तर पिण्याचं पाणी वरून आणण्याशिवाय इलाज नाही. इकेदांचा अंमलदार तारुमी हान्झाएमोन याने १६१४ ते १६१६ मध्ये ते आणलं. (सन बघा: मासात्सुनाला हान मिळायच्या आधी काम सुरू झालंय, तेव्हा अको ओकायामाच्या इकेदांच्या हाताखाली होतं.)

नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ७ किलोमीटरवर तोंड. वाटेत डोंगराचा सोंड आडवा येतो, तिथे किरियामाचा बोगदा खोदला. पुढे उघडा पाट. गावाच्या वेशीवर मोठा हौद, त्यात वाळू खाली बसायची आणि वरचं निवळ पाणी पुढे जायचं. तिथून जमिनीखालून भाजलेल्या मातीचे आणि लाकडी नळ, वळणावळणावर आणि फाट्यांवर छोटे हौद, आणि शेवटी बांबूच्या नळीने घराघरात.

ते छोटे हौद का, हे महत्त्वाचं. नळात दाब फार नसतो, चढ-उतार थोडाच. पाणी संथ झालं की गाळ बसतो आणि नळ चोंदतो. मग अख्खी वाट उकरायची का? म्हणून ठरावीक अंतरावर झाकण असलेला हौद: गाळ तिथे बसेल, झाकण काढून उपसता येईल, आणि कोणत्या टप्प्यात पाणी अडलंय तेही कळेल.

एदोची कांदा, बिंगोतली फुकुयामा आणि ही अको, या तिघी जपानच्या तीन जुन्या नामांकित पाणीयोजना गणल्या जातात. यातलं वैशिष्ट्य हे की अकोत पाणी सामान्य नगरवासीयांच्या घरापर्यंत जायचं, नुसतं किल्ल्यात नाही. विसाव्या शतकात आधुनिक नळ येईपर्यंत हीच चालली. चारही घराण्यांनी तेच पाणी प्यायलं.

घाटमाथा

+१. चौथा_पहारा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. धनी हलतात, पाट नाही.

किल्ल्याबद्दल. असानो नागानाओ हिताचीतल्या कासामाहून आला, १६४८ ला काम सुरू, १६६१ ला संपलं. आराखडा कोंदो मासाझुमीचा, कोशू पंथाचा युद्धशास्त्री. तटाची रेघ सरळ कुठे राहूच दिलेली नाही. सारखी आत-बाहेर मोडलेली, म्हणजे तटाला भिडलेल्या शत्रूवर दोन बाजूंनी बंदुका चालाव्यात. एक बाजू थेट समुद्राला, होड्या लागायची सोय. आतल्या कोटात मुख्य मनोऱ्याचा दगडी चौथरा बांधला, पण त्यावर मनोरा कधी चढलाच नाही.

युद्धशास्त्री आणि विचारवंत यामागा सोको तेव्हा असानोंच्या चाकरीत होता, १६५२ ते १६६०, तनखा १,००० कोकू. दुसऱ्या कोटाच्या दरवाजाच्या भागात त्याने बदल सुचवले.

निळा_मोर

यामागा म्हणजे तोच ना, ज्याने रोनिनांना युद्धकला शिकवली? हल्ल्याच्या रात्रीचा तो ढोल?

घाटमाथा

ढोल रंगमंचावरचा. सोको पुन्हा अकोत आला तो १६६६ मध्ये, अधिकृत कन्फ्यूशियन मताला विरोध करणारं लिखाण केल्याबद्दल हद्दपार होऊन. १६७५ पर्यंत तिथे होता. ओइशीचा जन्म १६५९ चा, म्हणजे सोको गेला तेव्हा हा सोळाच्या आसपासचा. वातावरणाचा संस्कार म्हणा हवं तर. हल्ल्याची आखणी त्याच्या नावावर चढवणं हे नाटकवाल्यांचं काम.

बखरबहाद्दर

आता हस्तांतर. यावर मी लांबलचक लिहिणार आहे, ज्यांना चहा ठेवायचाय त्यांनी ठेवा.

गेनरोकू १४, तिसऱ्या महिन्याची १४ तारीख (आपल्या पंचांगाने २१ एप्रिल १७०१). एदोच्या किल्ल्यात नागानोरीने शोगुनचा दरबारी अधिकारी किरा योशिनाका याच्यावर वार केला. संध्याकाळी तामुरांच्या वाड्यात त्याला सेप्पुकूची (हाराकिरीची) शिक्षा. निरोप घेऊन दोन जोड्या निघाल्या. पहिली हायामी तोझाएमोन आणि कायानो साम्पेई, यांच्याजवळ फक्त वार झाल्याची बातमी. दुसरी हारा सोएमोन आणि ओइशी सेझाएमोन, यांच्याजवळ धनी गेल्याची. एदो ते अको १५५ री, म्हणजे सुमारे ६२० किलोमीटर. साध्या प्रवाशाला पंधरा दिवसांहून जास्त लागायचे. यांनी मुक्कामागणिक भोई बदलत पालखीतून साडेचार दिवसांत कापलं. अशा पालखीत वरून दोर लोंबता असतो, तो धरून बसायचं. पोटाला आणि कपाळाला कापड घट्ट आवळायचं, नाहीतर हिसक्यांनी आतडी हलतात. झोप नाही.

१९ तारखेला बातमी पोचली आणि पहिलं संकट उभं राहिलं ते तलवारीचं नव्हे, कागदाचं. असानोंनी १६८० पासून हान्सात्सु काढल्या होत्या, म्हणजे हानच्या हद्दीत चांदीऐवजी चालणाऱ्या नोटा. हान बुडाला की नोट रद्दी. व्यापारी नोटा घेऊन दारात. पूर्ण किमतीने वटवायला तेवढी चांदी नाही. हिरोशिमाच्या थोरल्या असानोंकडे हात पसरला, तिकडून नकार. ओइशीने दर ठरवला: दहाला सहा. लगोलग वटवायला सुरुवात.

चाळीस टक्के बुडाले हे खरं. पण खालसा झालेल्या हानची नोट म्हणजे बहुधा शून्य, आणि तिथे हाती साठ पडले. दंगा न होता नगर शांत राहिलं ते यामुळे.

मग उरलेल्या पैशाची वाटणी. ओनो कुरोबेई, हाही कारभारी, तनखा ६५० कोकू, म्हणाला तनख्याच्या प्रमाणात वाटा. म्हणजे मोठ्याला मोठा वाटा. ओइशीने उतरतं प्रमाण लावलं, वरच्यांना प्रमाणाने कमी, खालच्यांना जास्त, आणि स्वतः काही घेतलं नाही. ओनो नंतर रातोरात पळाला. तीनशेच्या आसपास सामुराई एका झटक्यात बेकार झाले होते.

किल्ला ताब्यात घ्यायला आले तात्सुनोचा वाकिसाका यासुतेरू आणि आशिमोरीचा किनोशिता किनसादा, फौजेसह. वर शोगुनचे दोन निरीक्षक. शेजाऱ्यांनीही सीमेवर माणसं ठेवली, न जाणो हे लोक किल्ला लढवतील. चौथ्या महिन्याच्या १८ ला तपासणी, १९ ला पहाटे ताबा. हस्तांतर म्हणजे किल्ल्या देणं एवढंच नाही. किल्ल्याचा नकाशा, दारूगोळा आणि शस्त्रांची यादी, गावांचे सारापत्रकं, कैदी, कोठारातला तांदूळ, सगळं मोजून सही. तपासणीच्या वेळी ओइशीने निरीक्षकांपाशी धाकट्या भावाच्या नावे घराणं पुन्हा उभं करू द्यावं म्हणून तीनदा विनंती केली. त्यानंतरही तो ओनरिन्जी देवळात बसून पाचव्या महिन्यापर्यंत हिशोब पुरे करत होता.

चौथा_पहारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: धन्याबरोबर हलतात त्याचे सामुराई, त्यांची कुटुंबं, घराण्याची कुलदैवतं आणि कर्ज. जागेवर राहतात शेतकरी, मिठागरवाले, किल्ला, पाणी आणि सारापत्रकं. असानोंच्या बाबतीत सामुराईंना हलायला जागाच उरली नव्हती, एवढाच फरक.

रिकामा_न्हावी

चहा दोनदा झाला. पण वाचलं सगळं.

निळा_मोर

हे सगळं भांडण मिठावरून झालं असं वाचलंय. किराने अकोची मीठ काढायची गुप्त रीत मागितली, असानोंनी दिली नाही.

मिठागर

हे बरंच नंतर जुळवलेलं आहे. किराची मिकावात मिठागरं होती हे खरं, आएबाचं मीठ म्हणून ते ओळखलं जायचं. पण अकोच्या रीतीत लपवण्यासारखं होतंच काय? असानोंनी १६४६ च्या सुमारास हारिमातल्याच आराईहून मीठवाले आणून बसवले, तेव्हा रीत बाहेरूनच आलेली. सेतोच्या दोन्ही काठांवर लोक हेच करत होते. नागानोरीने चौकशीत फक्त वैराचा उल्लेख केला. कशाचं वैर, ते सांगितलं नाही, आणि म्हणून तीनशे वर्षं प्रत्येकाने त्या जागी हवं ते भरलं.

रीत सांगतो, म्हणजे कळेल की गुपित कशात नव्हतं आणि मेहनत कशात होती.

भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक असलेला उथळ किनारा लागतो. बांध घालून शेत असं करायचं की त्याची पातळी भरतीच्या खाली आणि ओहोटीच्या वर. भरतीला फाटक उघडलं की पाणी आपोआप चरांत येतं, माणसाला वाहावं लागत नाही. जुन्या पद्धतीत, उंच वाळूवर, ते खांद्यावर वाहावं लागे. सगळा फायदा इथेच आहे. चरांतलं पाणी जमिनीखालून वाळूत झिरपतं आणि बारीक वाळूतून वर चढतं. वर पसरलेली मोकळी वाळू उन्हात सुकते, मीठ तिच्या कणांना धरतं. दिवसात अनेकदा दाताळ्याने ओरखडायचं, वाळू वरखाली करायची. दुपारनंतर ती वाळू गोळा करून शेतातच असलेल्या गाळणीच्या हौदात टाकायची, वरून समुद्राचं पाणी ओतायचं. खाली ठिबकतं ते दाट खारवणी, समुद्राच्या पाण्याहून पाचेक पट खारं. धुतलेली वाळू परत शेतात. खारवणी भट्टीवरच्या कढईत आटवायची.

चुकतं कुठे? वाळू जाड असेल तर पाणी वर चढत नाही, फार बारीक असेल तर गाळणीत अडतं. शेताची पातळी वीतभर खाली गेली तर वाळू ओलीच राहते. आणि दुपारी तीनला सर आली तर सकाळपासूनचं काम धुऊन खाली. म्हणून उन्हाळ्याचे दिवस सोन्याचे. सगळ्यात मोठा खर्च मात्र इंधनाचा, आधी पाइनची लाकडं, पुढे कोळसा.

अकोच्या पूर्वेकडच्या मिठागरांत साशिजिओ निघे, म्हणजे आटवताना उरलेला कडू द्राव पुन्हा कढईत घालून केलेलं, ओलसर, वजनदार, स्वस्त. ते एदोकडे जायचं. पश्चिमेकडच्या मिठागरांत माशिओ, त्या द्रावाशिवायचं, ते ओसाकाकडे.

उलटतपासणी

पश्चिमेची मिठागरं फोफावली ती मुख्यतः मोरींच्या काळात, हेही लिहा. अकोचं मीठ म्हटलं की सगळं श्रेय असानोंना जातं.

मिठागर

बरोबर. सुरुवात असानोंची, पसारा मोरींचा.

घाटमाथा

असानोंच्या कीर्तीवर अजून एक टाचणी. नागानोरी गेल्याची बातमी आली तेव्हा लोकांनी आनंदाने मोची (सणाचे तांदळाचे गोळे) कुटल्या, असं शंभर वर्षांनंतरच्या एका टिपणसंग्रहात आहे. कारण जाचक कर. तिथेच पुढे म्हटलंय की नोटांचा व्यवहार पाहून मात्र ओइशीबद्दल लोकांचं मत पालटलं.

बखरबहाद्दर

शंभर वर्षांनंतरची ऐकीव गोष्ट. साक्ष म्हणून मी तिला अर्धा गुण देईन. पण किल्ला, नोटा, एदोतल्या जबाबदाऱ्या हे एकत्र मांडलं तर कर जड असणार यात नवल नाही.

निळा_मोर

आपल्या सरंजामासारखंच की हे सगळं?

कोकूमाप

दिसतं तसं, पण जुळत नाही. सरंजामदार पुण्याच्या आज्ञेने बदलला तरी त्याची सगळी पथकं बायकामुलांसकट दुसऱ्या प्रांतात नेऊन बसवायची पद्धत आपल्याकडे नव्हती. तिथे तात्त्विकदृष्ट्या दाइम्यो म्हणजे कुंडीतलं झाड, उचललं की मुळांसकट उचलायचं. यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे पेशवाई सुरू होईल आणि अको बुडेल.

ताम्हण

नागाईंना कोणी विचारत नाही म्हणून लिहिते. वाकिसाकांची माणसं किल्ला सांभाळून होती, तिथे १७०२ मध्ये शिमोत्सुकेतल्या कारासुयामाहून नागाई नाओहिरो आला. हे घराणं फुदाई, म्हणजे तोकुगावांचे घरचे सेवक. आधीचे इकेदा-असानो आणि नंतरचे मोरी तोझामा, बाहेरचे. गाजलेल्या प्रकरणानंतर मधे आपला माणूस बसवला, असं वाटावं. चार वर्षांत तो शिनानोतल्या ईयामाला गेला. त्याने आपली सामानाची पेटी पुरती उघडली असेल की नाही शंका आहे.

लक्षात घ्या, त्याच १७०२ च्या अखेरीस किराच्या वाड्यावर हल्ला झाला (आपल्या पंचांगाने ३० जानेवारी १७०३). म्हणजे अख्ख्या जपानात "अकोचे सामुराई" हे नाव गाजलं तेव्हा अकोत राज्य नागाईंचं होतं.

चौथा_पहारा

हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मोरी? ते तर ओदा नोबुनागाच्या सेवेतल्या रानमारूचं घराणं ना?

ताम्हण

तेच. रानमारूचा धाकटा भाऊ तादामासा, त्याला १६०३ मध्ये त्सुयामा मिळालं, १,८६,५०० कोकू. १६९७ मध्ये चौथा धनी निपुत्रिक वारला. दत्तक घेतलेला आत्सुतोशी शोगुनच्या दर्शनाला एदोकडे निघाला, आणि वाटेत कुवाना इथे त्याचं डोकं फिरलं. पुन्हा रानशिन, त्सुयामा खालसा. निवृत्त झालेला दुसरा धनी नागात्सुगु, वय ८८, अजून हयात होता. त्याला पाहून बिच्चूतल्या निशि-एबारात २०,००० कोकू दिले. घराण्याच्या इतर शाखांना मिकाझुकी १५,००० आणि नीमी १८,०००. नागात्सुगुचा मुलगा नागानाओ १७०६ मध्ये अकोत आला.

तेव्हा अकोचा हिशोब असा: इकेदा वेडाच्या शिक्क्याने गेले, असानो तो शिक्का नाकारून गेले, आणि मोरी दुसरीकडे त्याच शिक्क्याने फुटून इथे आले.

उलटतपासणी

यात एक गोष्ट तुमच्या मूळ प्रश्नाशी थेट भिडते. २०,००० चे मोरी हे १,८६,५०० चे मोरी होते. सामुराईंची कपात त्यांनी १६९७ मध्येच करून टाकली होती. अकोत आले ते आधीच सडपातळ होऊन.

बखरबहाद्दर

मध्येच एक हिशोब, कारण तो उपलब्ध आहे हेच नवल. ओइशीकडे घराणं पुन्हा उभं करायच्या खटपटीसाठी ६९० र्यो (सोन्याची नाणी) शिल्लक होते. त्याची जमाखर्चाची वही हल्ल्याच्या आधी नागानोरीच्या विधवेकडे पोचती केली गेली. धन्याच्या नावे धर्मकृत्यं आणि देवळाला दान सुमारे १२७ र्यो, पुनःस्थापनेची खटपट सुमारे ६५. क्योतो-ओसाका आणि एदो यांच्यात ये-जा करणाऱ्यांचा खर्च जवळपास २५०. हत्यारं आणि सामान, साधारण १२. शेवटी सातेक र्यो तूट, ती ओइशीने पदरची भरली. १७०० च्या सरकारी दराने एक र्यो म्हणजे ६० मोम्मे (सुमारे २२५ ग्रॅम) चांदी.

नाटकात सगळे तलवारींवर खर्च करताना दिसतात. वहीत सगळे प्रवासावर.

रिकामा_न्हावी

प्रवासभत्त्याची बिलं जोडली होती का?

बखरबहाद्दर

पावत्या घेतल्याच्या नोंदी आहेत. आता हसा.

निळा_मोर

मोरींच्या १६५ वर्षांत काही घडलंच नाही का?

घाटमाथा

घडलं, आणि नेमकं सूडाचंच घडलं. १८६२ च्या शेवटच्या चांद्र महिन्यात (आपल्या पंचांगाने जानेवारी १८६३) खालच्या दर्जाच्या काही सामुराईंनी मुख्य कारभारी मोरी चिकारा आणि कन्फ्यूशियन पंडित मुराकामी शिन्सुके या दोघांना ठार केलं. सम्राटवादी राजकारण आणि हानमधली पदांची भांडणं, दोन्ही त्यात आहे. मुराकामींच्या मुलांनी १८७१ मध्ये कोया डोंगरावर मारेकऱ्यांना गाठून वडिलांचा सूड घेतला. लगेच फेब्रुवारी १८७३ मध्ये शोगुनशाहीच्या जागी आलेल्या मेइजी सरकारने सूडावर बंदीच घातली. जपानच्या सगळ्यात गाजलेल्या सूडाचं आणि अगदी शेवटच्यांपैकी एकाचं गाव एकच.

चौथा_पहारा

मजकूर भरपूर झाला, पण माझा पहिला प्रश्न अजून लोंबकळतोय. किल्ला सांभाळला कसा?

कोकूमाप

प्रश्नातच एक गृहीतक आहे की किल्ला हा सगळ्यात मोठा खर्च. तो नव्हता.

दगडी तट आणि खंदक यांना रोजचा खर्च फार नाही. खर्च लाकूड, गिलावा आणि कौलांचा, म्हणजे मनोरे, दरवाजे, तटावरच्या भिंती. सगळ्यात महाग आणि सगळ्यात आगलावी वस्तू म्हणजे मुख्य मनोरा, आणि तो घाटमाथा यांनी लिहिलंय तसा बांधलाच गेला नव्हता. असानोंच्या अपुऱ्या कामाचा मोरींना फायदा.

पाडून लहान करावा तर ते हातात नाही. शोगुनशाहीच्या नियमांप्रमाणे नवं बांधकाम बंद, आणि तट-खंदकाच्या डागडुजीलाही नकाशा पाठवून परवानगी घ्यावी लागे. शिवाय किल्लेदार दाइम्यो हा दर्जा होता, बिनकिल्ल्याच्या दाइम्योच्या वरचा. २०,००० च्या घराण्याला तो दर्जा मिळालाय तो याच धुडामुळे. पडू देणं म्हणजे स्वतःची पायरी खाली आणणं.

खरा भार एदोचा. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. बायको आणि वारस कायम एदोत. वाडे, तिथली माणसं, दर्जाला शोभेल अशा भेटी, आणि जाता-येता मिरवणूक. बहुतेक हानांच्या उत्पन्नाचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग रोख रक्कम होऊन तिकडे जाई. हा खर्च कोकूच्या प्रमाणात उतरत नाही: ५३,५०० चे २०,००० झाले म्हणून वाड्याच्या दाराची उंची अडीच पट कमी करता येत नाही. तांदूळ मात्र ओसाकात विकूनच रोकड करायची, आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर तिथल्या सावकाराकडून आधीच उचल घ्यायची. लहान हान इथे मोडतात, तटाच्या डागडुजीत नाही.

मिठागर

यात मिठाची भर घालतो. मीठ तांदळासारखं वर्षातून एकदा येत नाही, ऊन असेल तेव्हा येतं, आणि थेट रोकड देतं. पण सेतोच्या काठचे सगळे हान तेच करत होते. अठराव्या शतकात माल इतका झाला की भाव कोसळले, आणि तिसऱ्या ते आठव्या महिन्यातच मीठ काढायचं, बाकी भट्ट्या बंद ठेवायच्या, अशी ठरावबंदी प्रांताप्रांतांत करावी लागली. म्हणून मिठाने मोरी श्रीमंत झाले असं म्हणता येत नाही. बुडाले नाहीत, एवढं म्हणू शकतो.

उलटतपासणी

आणि असानोही अकोच्या परिसरातून पुरते गेले नव्हते. वाकासानोची ३,००० कोकूंची असानो शाखा हातामोतो म्हणून मेइजीपर्यंत शेजारीच टिकली. नागानोरीचा भाऊ नागाहिरो याला १७१० मध्ये आवा प्रांतात ५०० कोकू मिळाले, तीही हातामोतोचीच पायरी. पुनःस्थापना झाली म्हणायचं तर झाली, शंभराव्या हिश्श्याने.

निळा_मोर

आज बघायला काय काय खरं आहे आणि काय नवं?

घाटमाथा

दगडी तट आणि मनोऱ्याचा चौथरा मूळचा, चौथऱ्यावर चढता येतं. दर्शनी दरवाजाजवळचा कोपऱ्याचा मनोरा १९५५ चा, आतल्या कोटाचा दरवाजा १९९६ चा. इमारतींपैकी जुन्या उरल्या त्या दोन: ओइशीच्या वाड्याचा आणि कोंदोंच्या वाड्याचा दर्शनी भाग. मिठागरं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली, सरकारने नव्या रासायनिक पद्धतीकडे वळवलं तेव्हा.

ताम्हण

किल्ल्याच्या आवारातच ओइशीचं शिंतो देऊळ आहे, १९१२ चं. त्यात सत्तेचाळीस जणांबरोबर असानोंचे तीन धनी पुजले जातात. आणि मोरींचे सात पूर्वजही, रानमारूसकट. दरवर्षी १४ डिसेंबरला गिशिसाई, म्हणजे या सत्तेचाळीस जणांचा उत्सव, असते.

रिकामा_न्हावी

म्हणजे १६५ वर्षं भाडं भरलं आणि शेवटी पाटी ओइशीचीच.